डिझेल नावाचा माणूस

गॅदरिंगची रात्र. ग्रुप डान्स ऐन रंगात आलेला असताना लाइट जातात. अंधारात आरडाओरडा, शिट्ट्या. मग हॉलच्या मागे कुणीतरी जनरेटर चालू करतं, धडधड सुरू होते, काळ्या धुराचा एक लोट उठतो आणि स्टेज पुन्हा उजळतं. त्या धडधडीचं नाव आपण दिवसातून चार वेळा तरी घेतो. पंपावर, एसटीच्या भाडेवाढीच्या बातमीत, ट्रॅक्टरच्या खर्चाच्या हिशेबात. पण ते एका माणसाचं आडनाव आहे, हे मेकॅनिकलची पोरं सोडली तर फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही. मेकॅनिकलवाल्यांना माहीत असतं, कारण थर्मोच्या पेपरात ‘डिझेल सायकल’चं गणित हमखास पडतं.

या माणसाबद्दलची एक गोष्ट मात्र मोबाइलवर जोरात फिरते. रुडॉल्फ डिझेलने म्हणे शेंगदाण्याच्या तेलावर चालणारं इंजिन शोधलं, तेल कंपन्या घाबरल्या आणि त्यांनी त्याला जहाजावरून समुद्रात ढकललं. ऐकायला भारी आहे. पण यातलं अर्धं चुकीचं आहे आणि उरलेल्या अर्ध्याला पुरावा नाही. शेंगदाण्याचं तेल मात्र खरं आहे. ते या गोष्टीत कुठून आलं, ते बघायचं तर थोडं मागे जायला हवं.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील थिओडोर बुकबाइंडर होते, पुढे चामड्याच्या वस्तू बनवायचे. घरातच कारखाना, घरातच कारागिरी. तयार माल गिऱ्हाइकांना पोचवायचं काम पोराकडे. वडिलांचं हातावर पोट कसं चालतं आणि मोठ्या कारखान्यापुढे छोट्या कारागिराची काय गत होते, हे त्याने पुस्तकात वाचायच्या आधी घरात पाहिलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मनांना शहर सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. पैशांची ओढाताण होतीच. बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं. काका गणिताचे शिक्षक. पोराला तिथेच सूर सापडला. चौदाव्या वर्षी त्याने घरी पत्र टाकलं, की मी इंजिनीअर होणार. पोराने लवकर कमवायला लागावं अशी घरची इच्छा होती, पण त्याला म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये स्कॉलरशिप मिळाली आणि वाद मिटला.

म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे शिकवायचे. आपल्या घरातल्या फ्रिजचा वंश ज्यांच्यापर्यंत जाऊन पोचतो, तेच हे लिंडे. १८७८ च्या सुमारास त्यांनी वर्गात एक आकडा सांगितला. वाफेच्या इंजिनात आपण जेवढा कोळसा जाळतो, त्यातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्केच कामी येते. बाकीची सगळी वाया. आपण असा आकडा वहीत उतरवतो आणि परीक्षेनंतर विसरतो. वीस वर्षांच्या रुडॉल्फने तो उतरवला आणि पुढची पंधरा-वीस वर्षं त्याच्यामागे लागला.

तो टॉपर होता. परीक्षेच्या वेळी टायफॉइड झाला, म्हणून परीक्षा हुकली. मधल्या काळात स्वित्झर्लंडमध्ये सुल्झरच्या कारखान्यात हात काळे केले आणि मग १८८० मध्ये परीक्षा देऊन त्या संस्थेच्या तोवरच्या इतिहासातले सर्वांत चांगले मार्क मिळवले. पहिली नोकरी लिंडे यांच्याच बर्फाच्या धंद्यात, पॅरिसला. पुढे मार्थाशी लग्न, तीन मुलं. दिवसा बर्फ बनवायचा आणि उरलेल्या वेळात आगीचा विचार करायचा, असं त्याचं दशकभर चाललं.

आगीचा विचार म्हणजे नेमकं काय? सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. हवा जोरात दाबली की ती तापते. आग्नेय आशियात याच तत्त्वावर आग पेटवायचं एक साधन पूर्वीपासून वापरात होतं. पोकळ नळी, आत घट्ट बसणारा दांडा, टोकाला कापसासारखं काहीतरी. दांड्यावर एक जोरदार फटका मारला की आत ठिणगी. रुडॉल्फने विद्यार्थिदशेत असं साधन पाहिलं होतं, असं सांगतात. त्याचा विचार असा होता: सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची. ती इतकी दाबायची की पाच-सहाशे अंशांपर्यंत तापावी. मग त्या तापलेल्या हवेत इंधन सोडायचं. ते आपोआप पेटेल. स्पार्क नको, काडी नको. आणि हवा जितकी जास्त दाबू, तितकी जास्त उष्णता कामी येईल.

यात एक गोष्ट आपसूक आली. इंधन बाहेरून पेटवायचंच नसेल, तर ते लगेच भडकणारं असण्याचीही गरज उरत नाही. जड तेल चालेल, डांबरातून निघालेलं तेल चालेल. रुडॉल्फला तर सुरुवातीला कोळशाची भुकटीही चालेल असं वाटत होतं. (चालली नाही. राखेने सिलिंडर घासला जायचा.) १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ च्या फेब्रुवारीत ते मिळालं आणि त्याच वर्षी त्याने आपली सगळी मांडणी पुस्तक काढून जगापुढे ठेवली. अनेक जाणकारांनी ती उडवून लावली. ऑग्सबर्गचा यंत्र कारखाना आणि क्रुप मात्र पैसे घालायला तयार झाले.

पहिली चाचणी १० ऑगस्ट १८९३ ची. इंधन पेटलं, म्हणजे कल्पना बरोबर होती. पण दाब इतका वाढला की मोजणीचं उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. माणसं थोडक्यात वाचली. इंजिन स्वतःच्या ताकदीवर फिरलं ते १७ फेब्रुवारी १८९४ ला. मिनिटाला ८८ फेरे आणि तेही जेमतेम एक मिनिटभर. तोवर कारखान्याचा पट्टा इंजिनाला फिरवत होता. त्या दिवशी एका कामगाराच्या लक्षात आलं की आता इंजिनच पट्ट्याला ओढतंय. त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली, अशी आठवण सांगितली जाते. हे मिनिट पदरात पडल्यानंतरही नीट चालणारं इंजिन हाती यायला आणखी तीन वर्षं गेली. १७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. ताकद सुमारे वीस अश्वशक्ती आणि कार्यक्षमता २६.२ टक्के. लिंडे सरांनी वर्गात सांगितलेल्या सहा-दहा टक्क्यांशी ही ताडून बघा.

आता पैसा अक्षरशः धावत आला. बिअरवाल्या अडॉल्फस बुशने अमेरिकेतले हक्क दहा लाख मार्कांना घेतले. १८९८ मध्ये पहिलं विक्रीचं इंजिन केम्प्टनच्या काडेपेटीच्या कारखान्यात लागलं. काडीशिवाय पेटणारं इंजिन काडेपेट्या बनवायला! चाळिशीतला रुडॉल्फ लक्षाधीश झाला. म्युनिकमध्ये महालासारखं घर बांधायला घेतलं. आणि त्याच वर्षी तो कोसळला. सततचं काम, पेटंटची भांडणं, बिघडणारी इंजिनं आणि परत येणाऱ्या तक्रारी. डोकेदुखी आणि मानसिक थकव्यासाठी त्याला काही महिने सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. आजच्या भाषेत बर्नआउट. तेव्हा त्याला नीट नावही नव्हतं.

आता शेंगदाणे.

१९०० मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. ज्या शहरातून तो पोरवयात बाहेर पडला होता, तिथेच त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्याच प्रदर्शनात ओटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन मांडलं होतं आणि ते शेंगदाण्याच्या तेलावर चालत होतं. इंजिन बनवलं होतं खनिज तेलासाठी. त्यात काहीही बदल न करता त्याला शेंगदाणा तेल पाजलं आणि ते चालत राहिलं. इतकं सुरळीत, की बघणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना वेगळं काही चाललंय हे कळलं. म्हणजे रुडॉल्फने इंजिन शेंगदाण्यासाठी शोधलं नव्हतं आणि हा प्रयोगही त्याच्या डोक्यातून निघालेला नव्हता. कल्पना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या त्यांच्या वसाहतींत भुईमूग भरपूर पिकायचा. तिथे कोळसा किंवा तेल जहाजाने नेण्यापेक्षा तिथल्याच पिकावर यंत्रं आणि वीज चालली तर बरं, असा हिशेब. आज आपण ज्याला ‘लोकल एनर्जी’ म्हणून टाळ्या देतो, त्याची एक पहिली चाचणी साम्राज्याचा खर्च वाचवण्यासाठी झाली होती, हे फॉरवर्डमध्ये येत नाही.

रुडॉल्फने मात्र ही गोष्ट सोडली नाही. त्याने पुढे स्वतः असे प्रयोग केले. रशियात एरंडेलावर आणि प्राण्यांच्या चरबीपासून काढलेल्या तेलांवरही इंजिन चालवून पाहिलं गेलं. १९१२ मध्ये त्याने हे सगळं इंग्लंडमधल्या इंजिनीअरांपुढे आकड्यांनिशी मांडलं. वनस्पतींची तेलं आज क्षुल्लक वाटत असली तरी पुढे त्यांना खनिज तेलाइतकं महत्त्व येऊ शकतं, असा त्याचा अंदाज होता. जमिनीखालचे साठे संपले तरी सूर्य राहणार आणि शेती राहणार, म्हणून इंधनही राहणार, अशी त्याची मांडणी. हे बोलणं जगात मोटारी नुकत्या कुठे दिसू लागल्या होत्या तेव्हाचं आहे.

मग झालं काय? भाव. हिशेब तुम्हीच करा. त्याच्या प्रयोगात एका अश्वशक्तीला तासाला साधारण २४० ग्रॅम शेंगदाणा तेल लागलं. म्हणजे जनरेटर जोडून विजेचं एक युनिट काढायचं तर तीन-साडेतीनशे ग्रॅम. घाण्याच्या तेलाचा आजचा भाव घरी विचारा आणि लाइट बिलावरचा युनिटचा दर शेजारी ठेवा. १९०० च्या दशकातही गणित वेगळं नव्हतं. विहिरीतून उपसलेलं जड तेल स्वस्त होतं. इंजिनाला काहीही चालायचं, मग मालकाने स्वस्तातलं घातलं. त्यासाठी कुणाला समुद्रात ढकलायची गरज पडली नाही.

माझ्या मते रुडॉल्फ शेंगदाण्यापेक्षा दुसऱ्याच एका ठिकाणी जास्त बरोबर होता. वाफेच्या यंत्राबद्दलची त्याची तक्रार फक्त कोळशाच्या नासाडीची नव्हती. वाफ परवडते ती मोठ्यांनाच, हे त्याला डाचत होतं. बॉयलर, भट्टी, पाणी, माणसं. जितका कारखाना मोठा तितकी वाफ स्वस्त, जितका छोटा तितकी महाग. म्हणून वडिलांसारखा कारागीर मोडतो आणि गिरणीत मजूर होतो. आपलं इंजिन लहान आकारातही चांगलं चालेल, खोलीतल्या धंद्याला हात देईल, ही त्याची आशा होती. याच ओढीने १९०३ मध्ये त्याने समाजरचनेवर एक पुस्तक लिहिलं. कामगारांनी थोडे थोडे पैसे एकत्र करायचे, त्या भांडवलावर आपल्याच मालकीचे कारखाने उभारायचे. दहा हजार प्रती छापल्या, तीनशेच्या आसपास खपल्या. त्याला स्वतःला हे काम इंजिनाहून मोठं वाटायचं.

आपल्याकडे त्याच्या पुस्तकाशी काहीही संबंध नसताना शेतकऱ्यांनी शेअर गोळा करून सहकारी साखर कारखाने उभे केले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये प्रवरानगरला पहिला सुरू झाला. आज अशा कितीतरी कारखान्यांत उसाचं चिपाड जाळून वीज बनते आणि ग्रिडला विकली जाते. पण ती बनते कशी? बॉयलर, वाफ, टर्बाइन. रुडॉल्फला जी हटवायची होती तीच वाफ. झाडाझुडपांपासून जगात जी वीज बनते, तिचा मोठा भाग आजही वाफेवरच बनतो. रोज ढिगांनी चिपाड येणाऱ्या कारखान्याला ते परवडतं. साठ-सत्तर घरांच्या वस्तीला नाही.

तिथे पुन्हा त्याचंच इंजिन लागतं. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळी या छोट्या गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या लोकांनी एक प्रयोग केला. गावाजवळ सरपणासाठी झाडं लावली. त्यांच्या लाकडाचे छोटे तुकडे एका उंच भांड्यात, मुद्दाम अपुऱ्या हवेत तापवायचे. धड जळता न आल्यामुळे लाकडाचा जळाऊ गॅस होतो. तो गाळून, थंड करून, हवेबरोबर साध्या डिझेल इंजिनात घ्यायचा. हा गॅस नुसत्या दाबाने भरवशाने पेटत नाही, म्हणून डिझेलचा एक छोटा फवारा ठिणगीचं काम करतो. बाकी ताकद लाकडाची. आधी पाच अश्वशक्तीचं इंजिन, पुढे वीस किलोवॉटचा संच. त्यावर घरात दिवे लागले, नळाला पाणी आलं, पिठाची गिरणी फिरली. अशा यंत्रात एका युनिटला साधारण किलो-सव्वा किलो कोरडं लाकूड लागतं. लाकूड नीट वाळवलेलं नसेल किंवा गॅस नीट गाळला नाही, तर आत डांबर साचून इंजिन बसतं. गाळण्या साफ करायला रोज कुणीतरी लागतं. त्याला पगार कोण देणार, गावाने बिल भरलं नाही तर काय, हे प्रश्न इंजिनात सुटत नाहीत. लाकूड तोडलं तेवढं पुन्हा लावलं नाही, तर त्याला अक्षय ऊर्जा म्हणण्यातही अर्थ नाही. तुमच्यापैकी कुणी फायनल इयरला गॅसिफायरचा प्रोजेक्ट घेतला असेल, तर गाळणीशी झालेली मारामारी तुम्हाला वेगळी सांगायला नको.

हे सगळं बघायला रुडॉल्फ नव्हता. परत १९१३ कडे येऊ.

बाहेरून सगळं झकास दिसत होतं. आदल्याच वर्षी ‘सेलांडिया’ हे डिझेलवर चालणारं मोठं जहाज महासागरात उतरलं होतं. विद्यापीठं आणि संस्था त्याला बोलावत होत्या. आतून मात्र सगळं पोखरलेलं. त्याचा पैसा जमिनीच्या व्यवहारांत बुडाला, आणि गॅलिशियातल्या तेलविहिरींतही. हो, खनिज तेलाच्या विहिरी. तंत्रात इतका काटेकोर माणूस व्यवहारात कच्चा होता आणि ते मान्य करायला तयार नव्हता. राहणी कमी केली नाही, घरी कुणाला नीट कल्पना दिली नाही. कर्ज फेडायला कर्ज.

२९ सप्टेंबर १९१३ ला संध्याकाळी तो अँटवर्पहून ‘ड्रेस्डेन’ नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. एका कंपनीची बैठक होती. बरोबर दोन ओळखीचे. तिघं एकत्र जेवले, डेकवर फिरले. रात्री दहाच्या सुमारास तो केबिनकडे गेला. सकाळी सव्वासहाला उठवा, असं सांगून ठेवलं होतं. सकाळी केबिन रिकामं. रात्रीचे कपडे तसेच काढून ठेवलेले, बिछाना न वापरलेला. डेकच्या मागच्या कठड्याजवळ त्याची हॅट आणि घडी घातलेला ओव्हरकोट मिळाला. डायरीत २९ तारखेपुढे एक फुली होती.

तेल कंपन्या, जर्मन हेर, ब्रिटिश नौदल, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. वर्तमानपत्रांनी तेव्हाही घेतला आणि व्हिडिओवाले आजही घेतात. कुणाविरुद्धही ठोस काही सापडलं नाही. त्याच्या आयुष्याचा अभ्यास केलेल्या बहुतेकांचा कल आत्महत्येकडे आहे, आणि त्याचं कारण घरातच सापडलं. निघण्यापूर्वी त्याने मार्थाला एक बॅग दिली होती, पुढच्या आठवड्याआधी उघडू नकोस असं सांगून. तिने उघडली तेव्हा आत वीस हजार मार्क रोख होते आणि बँकांचे कागद होते. खात्यांत जवळपास काहीच उरलं नव्हतं.

दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात एक मृतदेह दिसला. तो फार खराब झाला होता. त्यांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू, चष्म्याचं घर. १३ ऑक्टोबरला धाकट्या मुलाने, ऑयगेनने, त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचं ओळखलं.